जुन्या कॅम्परला घरीच क्रूझ कंट्रोल बसवायचंय? मग आधी ब्रेकचं काम नीट समजून घ्या

आमची गाडी २००३ सालची टेम्पो ट्रॅव्हलर. तेव्हा कंपनी अजून बजाज टेम्पो होती, फोर्स मोटर्स हे नाव २००५ ला आलं. आत बेड, सिंक, पाण्याची टाकी, छोटा ओटा असं सगळं करून घेतलेलं आणि आरसीवर तशी नोंद पण आहे. बहीण बेंगळुरूला असते त्यामुळं वर्षातनं तीन-चार वेळा कोल्हापूर-बेंगळुरू होतंच, एका बाजूला सहाशे किलोमीटरच्या वर. आई मागच्या बेडवर आडवी होऊन येते, मणक्याचा त्रास आहे तिला. आणि माझा उजवा गुडघा ऑपरेशन झालेला, हुबळी येईपर्यंत तो असा भरून यायचा की पाय एक्सलेटरवर सारखा धरवायचा नाही, मग रेस कमी-जास्त कमी-जास्त व्हायची आणि मागनं आई म्हणायची, "बाळा, गाडी हिसके का मारतीया?"

हे हिसके लय जुनं दुखणं आहे बरं का. क्रूझ कंट्रोल म्हणजे पेडलवर पाय न ठेवता गाडीचा वेग धरून ठेवणारं यंत्र. ते ज्यानं शोधलं तो राल्फ टीटर नावाचा अमेरिकन इंजिनिअर, पाचव्या वर्षी अपघातात दृष्टी गेलेली. त्याचा वकील गाडी चालवताना बोलायला लागला की वेग कमी करायचा आणि ऐकताना वाढवायचा म्हणे, त्या मागं-पुढं होण्याला वैतागून त्यानं हे काम डोक्यात घेतलं. १९५० ला पेटंट मिळालं आणि १९५८ च्या क्रायसलरच्या गाड्यांत ते पहिल्यांदा आलं. बघायला लागलं तर सीटवर बसलेल्या माणसाच्या पाठीनं शोधलेली गोष्ट आहे ही.

तर मी हे काम कोल्हापुरातल्या उद्यमनगरातल्या एका मिस्त्रींच्या मदतीनं पण बरंचसं स्वतःच्या हातानं केलं, दोन महिन्यांतले सगळे रविवार गेले. त्यातले निम्मे रविवार चुका शोधण्यात गेले, त्या तुमच्या होऊ नयेत म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय. एकच गोष्ट डोक्यात धरून वाचा: रेस ओढणारं यंत्र बसवणं सोपं आहे, ते कुठल्याही परिस्थितीत सुटलं पाहिजे हे करणं म्हणजे खरं काम. ज्याला ब्रेकच्या वायरिंगचा भाग जमणार नाही असं वाटतंय त्यानं तेवढा भाग तरी चांगल्या वायरमनकडनं करून घ्या, त्यात कमीपणा काही नाही.

१. आधी तुमची गाडी कुठल्या जातीची आहे ते बघा

बोनेट उघडा, दुसऱ्या माणसाला एक्सलेटर दाबायला सांगा आणि इंजिनाला डिझेल देणाऱ्या पंपाकडं बघा. पंपावरचा लिव्हर केबलनं किंवा रॉडनं हलत असेल तर तुमची गाडी मेकॅनिकल. बहुतेक जुन्या डिझेल गाड्या अशाच. हा लेख मुख्य करून याच गाड्यांसाठी आहे.

केबल दिसतच नसेल आणि पेडलपासून नुसता वायरचा कनेक्टर निघत असेल तर ती इलेक्ट्रॉनिक पेडलची गाडी. तुमचं काम खूप सोपं आहे, पेडलचा कनेक्टर काढायचा, मधे मॉड्यूल म्हणजे क्रूझचं इलेक्ट्रॉनिक डोकं लावायचं, ब्रेक-क्लचचा सिग्नल द्यायचा. फक्त एक करू नका, पेडलच्या वायरी कापून जोडायला जाऊ नका. त्या पेडलमध्ये दोन सेन्सर असतात, इसीयू म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर दोघांचे व्होल्टेज एकमेकांशी ताडून बघतो आणि हिशोब चुकला की गाडी लिम्प मोडला जाते, म्हणजे इंजिन स्वतःच ताकद कमी करतं, मग हायवेवर गाडी नीट पळत नाही. गाडीच्या मॉडेलचाच कनेक्टर असलेलं किट घ्या, बाकी पायरी ५, ६ आणि ८ तुम्हालाही लागू आहेत.

२. कागदाचं काम, हे सोडू नका

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसीवर नोंदलेल्या तपशिलात फरक पडेल असा बदल परस्पर करता येत नाही. क्रूझमुळं इंजिन बदलत नाही, सीट बदलत नाहीत, पण जुन्या गाडीचं पासिंग करताना साहेबानं बोनेट उघडल्यावर एक अनोळखी डबा दिसणारच आहे. मी आधी आरटीओत स्वतः जाऊन विचारलं, एजंटला मधे घेतलं नाही, आणि विमा कंपनीला ईमेल टाकून लेखी उत्तर घेतलं. जवळ ठेवायचे कागद असे: आरसी, चालू विमा, कंपनीचं ईमेल उत्तर प्रिंट काढून, पीयूसी, किटचं बिल, किटसोबत आलेला वायरिंगचा नकाशा. नकाशाची एक झेरॉक्स लॅमिनेट करून गाडीत ठेवा, कधी निपाणीत किंवा धारवाडात गाडी बंद पडली तर तिथल्या वायरमनला काय लावलंय ते कळलं पाहिजे.

गाडी ट्रान्सपोर्ट पासिंगची असेल तर तिला सील केलेला स्पीड गव्हर्नर, म्हणजे ठराविक वेगाच्या वर गाडी जाऊ न देणारं यंत्र, असण्याची शक्यता आहे. त्याला हात लावायचा नाही. क्रूझची केबल बसवताना त्या सीलच्या वायरीला धक्का लागला तरी पासिंगला अडचण, शिवाय ते बेकायदेशीर आहे.

३. कुठलं किट घ्यायचं

दोन प्रकार मिळतात, व्हॅक्यूमवर चालणारं आणि इलेक्ट्रिक मोटरचं. व्हॅक्यूमचं स्वस्त असतंय म्हणून बरेच जण तिकडं जातात. पण पेट्रोल गाडीत इनटेकमध्ये आपोआप व्हॅक्यूम तयार होतं, डिझेलमध्ये तसं नसतं, डिझेलमध्ये ब्रेक बूस्टरसाठी वेगळा व्हॅक्यूम पंप असतो आणि मग लोक त्याच पाइपला टी मारून क्रूझला व्हॅक्यूम देतात. म्हणजे क्रूझचा एक पाइप फाटला तर ब्रेक कडक होणार! मधे वन-वे व्हॉल्व टाकला तर धोका कमी होतो, पण माझं सरळ मत आहे की ब्रेकच्या व्हॅक्यूममध्ये वाटेकरी नको. मी इलेक्ट्रिकचंच घेतलं. बाहेरनं मागवणार असाल तर कस्टम ड्युटी धरूनच हिशोब करा, मी ती धरली नव्हती आणि कुरिअरवाला दारात आल्यावर पळापळ झाली.

किटमध्ये साधारण एवढं असतं: मोटरचा डबा म्हणजे अ‍ॅक्च्युएटर, त्याची केबल, बारीक मण्यांची साखळी, स्पीडचं लोहचुंबक आणि पिकअप कॉइल, बटणांचा स्विच, वायरिंग. याशिवाय आपल्याला लागणारं सामान:

- मल्टिमीटर आणि बल्बचा टेस्ट लॅम्प, दोन्ही
- ५ पिनचा १२ व्होल्ट रिले, बेससकट, दोन नग
- क्लच पेडलसाठी एक आणि ब्रेक पेडलसाठी एक असे दोन प्लंजर स्विच (दांडी दाबली-सुटली की चालू-बंद होणारे), कुठल्या प्रकारचे ते पुढं सांगतो
- इनलाइन फ्यूज होल्डर
- थिंबल, चांगलं क्रिम्पिंग पक्कड, हीट श्रिंक स्लीव्ह
- ३ मिमी एमएस पट्टी, नायलॉक नट, वायसर
- रबर ग्रोमेट, स्टीलच्या होज क्लिप
- जॅक, आणि दोन भक्कम स्टँड. नुसत्या जॅकवर गाडीखाली जायचं नाही म्हणजे नाही

काम सुरू करण्याआधी बॅटरीचं निगेटिव्ह काढा. कॅम्परमध्ये दुसरी घरगुती बॅटरी असते, तिचं पण काढा, हे लोक विसरतात.

४. अ‍ॅक्च्युएटर आणि केबल

डबा कुठं बसवायचा यात घाई करू नका. सायलेन्सरचा मॅनिफोल्ड आणि टर्बो यापासून लांब, चाकाचं पाणी उडणार नाही अशी जागा, आणि केबलला मोठा वळसा मिळाला पाहिजे. केबल आखूड वळणानं नेली की आतली तार घासते आणि परत यायला आळस करते. मी आधी एक जागा धरली होती ती दिसायला झकास होती पण केबल जवळजवळ काटकोनात वळत होती, ती सोडली. बाहेर गाडीला टेकून कागदाच्या पुठ्ठ्याचा नमुना कापला आणि तो घेऊन उद्यमनगरात गेलो, अर्ध्या तासात ३ मिमी पट्टीचा ब्रॅकेट वाकवून, भोकं पाडून मिळाला. पुठ्ठ्याचा नमुना न्याच, तोंडी मापं सांगितली की दोन हेलपाटे होतात.

आता केबल पंपाच्या लिव्हरला जोडायची. इथं ती मण्यांची साखळी लागते, बाथरूमच्या प्लगला असते ना तशी. लोकांना वाटतं हे काय खेळण्यातलं दिलंय, आणि ते काढून त्या जागी तार नाहीतर पट्टी लावतात. असं करू नका! साखळी ओढता येते पण ढकलता येत नाही, हाच तिचा उपयोग. क्रूझ ओढेल तेव्हा साखळी ताणून लिव्हर ओढते, आणि तुम्ही पायानं रेस द्याल तेव्हा साखळी नुसती सैल पडते, लिव्हर मोकळा फिरतो. पट्टी लावली तर तुमच्या पायाला प्रत्येक वेळी क्रूझची केबल पण ढकलत न्यावी लागेल, आणि केबल अडकली तर रेस पण अडकेल.

साखळी किती सैल ठेवायची? इंजिन बंद, लिव्हर पूर्ण मागं, तेव्हा साखळीत बारीकशी झोळ पाहिजे, एक-दोन मण्यांएवढी. ताणून बांधली तर इंजिन आयडलला येणार नाही. फार सैल सोडली तर क्रूझला ओढायला अंतर कमी पडतं, चढाला वेग पडतो आणि सैल साखळी कुठंतरी गुंतायची भीती.

माझ्या बाबतीत नेमकं तेच घडलं. जोडून झालं, स्टार्टर मारला, रेस दिली, सोडली, तर इंजिन खाली यायला तयार नाही, घूंऽऽ करून वरच्याच आवाजात. किल्ली बंद करून टॉर्च घेऊन वाकून बघितलं तर साखळीचा शेवटचा मणी हीटरच्या होजच्या क्लिपच्या स्क्रूमागं अडकून बसला होता. एवढासा, ज्वारीच्या दाण्याएवढा मणी. दारात उभ्या गाडीत झालं म्हणून ठीक, हायवेवर झालं असतं तर काय, या विचारानं त्या दिवशी मी पुढं कामच केलं नाही. दुसऱ्या रविवारी क्लिपचं तोंड फिरवून खाली केलं आणि साखळीच्या चारी बाजूनं बोट फिरेल एवढी जागा मोकळी केली. तुम्ही पण हे बोट फिरवून बघा.

तपासणी अशी करा: इंजिन बंद ठेवून दुसऱ्याला पेडल तळापर्यंत वीसेक वेळा दाबायला सांगा आणि तुम्ही लिव्हरकडं डोळे लावून बसा. प्रत्येक वेळी लिव्हर टक्कन मागं आलाच पाहिजे. गाडीचं मूळ रिटर्न स्प्रिंग वीस वर्षांचं असेल तर ते बदलून टाका, किरकोळ पैशाची वस्तू आहे.

५. ब्रेक आणि क्लच, इथं वेळ द्या

ब्रेक लाइटच्या स्विचवर दोन वायरी असतात. एकीत कायम करंट असतो, दुसरीत पेडल दाबल्यावरच येतो. किटला या दोन्ही लागतात पण वेगवेगळ्या कामाला, म्हणून रंगावर विश्वास न ठेवता टेस्ट लॅम्प लावूनच ठरवा. जुन्या गाडीत आधीच्या चार मालकांनी चार रंगाच्या वायरी जोडलेल्या असतात.

मिस्त्रींनी आणि मी सगळं बरोबर जोडलं तरी क्रूझ लागेचना. सेट दाबलं की काही नाही. तीन रविवार गेले यात. कारण सापडलं ते मागच्या दिव्यांत! मी ब्रेक लाइटला एलईडी बल्ब टाकलेले होते. बऱ्याच किटमधला ब्रेकचा वायर पेडल मोकळं असताना बल्बच्या तारेतनं अर्थ, म्हणजे अर्थिंग, शोधतो. साध्या बल्बमधनं त्याला अर्थ मिळतो, एलईडीतनं मिळत नाही, मग मॉड्यूलला वाटतं ब्रेकची वायर तुटलीय आणि ते क्रूझ लावायलाच नकार देतं. मॉड्यूलचं वागणं अगदी बरोबर आहे, वायर तुटली असेल तर क्रूझ लागायलाच नको.

यावर उपाय ५ पिनचा रिले. ८६ नंबरला ब्रेक लाइटची वायर, ८५ ला अर्थ. ३० नंबरला मॉड्यूलची ब्रेकची वायर. ८७ए ला अर्थ आणि ८७ ला फ्यूजमधनं १२ व्होल्ट. पेडल मोकळं असेल तर मॉड्यूलला अर्थ दिसतो, दाबलं की १२ व्होल्ट दिसतात. एलईडी काढून साधे बल्ब टाकले तरी चालतंय, तो सगळ्यात सोपा मार्ग.

आता दुसरा बंदोबस्त, आणि हा किटच्या कागदावर ऐच्छिक लिहिला असला तरी तुम्ही कराच. समजा ब्रेक लाइटचा फ्यूज उडाला, किंवा तो रिले मेला. मग मॉड्यूलला तुम्ही ब्रेक दाबलाय हे कळायचं कसं? म्हणून ब्रेक पेडलला एक वेगळा प्लंजर स्विच लावायचा, ज्याचा ब्रेक लाइटशी काही संबंध नाही. अ‍ॅक्च्युएटरच्या आत एक छोटा विजेवरचा क्लच असतो, त्याला करंट आहे तोवरच मोटर केबल धरून ठेवते. त्या क्लचला जाणारी वायर या स्विचमधनं न्यायची. पेडल दाबलं की करंट तुटला, आतला क्लच सुटला, स्प्रिंगनं रेस मागं. मॉड्यूलचं डोकं चालो न चालो. फक्त स्विच घेताना नीट बघून घ्या: पाय वर असताना करंट चालू आणि दाबल्यावर बंद, असा पाहिजे. ब्रेक लाइटचा नेहमीचा स्विच याच्या बरोबर उलटा असतो, दुकानदार तोच काढून देतो.

मग आपल्या पायाखालचा क्लच. आपल्याकडं बहुतेक जुन्या गाड्या मॅन्युअल गिअरच्या, त्यामुळं हा स्विच नसेल तर क्रूझ चालू असताना तुम्ही गिअर बदलायला क्लच दाबला की गाडीचा भार सुटतो, क्रूझला वाटतं वेग राखायचाय आणि ते रेस वाढवत जातं, इंजिन किंचाळायला लागतं. क्लच पेडलचा स्विच पण त्याच आतल्या क्लचच्या वायरीत ब्रेकच्या स्विचच्या पुढं ओळीनं लावा. म्हणजे दोघांपैकी कुठलंही पेडल हललं की तुटलं. पेडल जेमतेम बोटभर हललं की स्विच सुटला पाहिजे, अर्ध्या पेडलला सुटून उपयोग नाही, तेवढं अ‍ॅडजस्ट करायला नटावर पाच मिनिटं जास्त घालवा.

किटमध्ये आरपीएमची एक वायर असते. पेट्रोल गाडीत ती इग्निशन कॉइलला जाते. डिझेलमध्ये कॉइलच नसते, त्यामुळं काही जण ती कुठंही जोडून मोकळे होतात. अल्टरनेटरला मागं डब्ल्यू नावाचा टर्मिनल असेल तर तिथनं आरपीएमचा सिग्नल मिळतो, नसेल तर किटच्या कागदात ती वायर मोकळी सोडायची सेटिंग बघा आणि वायरीच्या टोकाला स्लीव्ह घालून बंद करा.

६. वायरी ओढताना

मॉड्यूलचा पॉझिटिव्ह किल्ली लावल्यावरच येणाऱ्या लाइनवरनं घ्या, मधे कागदावर लिहिलेल्या अँपिअरचाच फ्यूज. अर्थ चेसिसला, रंग खरवडून, थिंबल लावून. जुन्या गाडीत निम्म्या भुतांची बाधा खराब अर्थमुळं असते. डॅशबोर्डातनं इंजिनाकडं जाताना पत्र्याच्या भोकाला ग्रोमेट पाहिजेच. आणि वायरी पिळून वर टेप गुंडाळणं बंद करा, दोन पावसाळे गेले की टेप सुटतो. थिंबल, क्रिम्प, स्लीव्ह. मेन ऑन-ऑफ स्विच हाताला न बघता सापडेल तिथं लावा.

७. स्पीडचा सिग्नल आणि गणित

जुन्या ट्रॅव्हलरला स्पीडोमीटर केबलवर चालतो, त्यामुळं तिथं विजेचा सिग्नल मिळत नाही. मग प्रोपेलर शाफ्टवर, म्हणजे गिअरबॉक्सकडनं मागच्या चाकांकडं जाणाऱ्या दांड्यावर, लोहचुंबक आणि बाजूला चेसिसवर पिकअप कॉइल. चुंबक समोरनं गेलं की कॉइलमधनं एक पल्स मिळतो. हे गिअरबॉक्सच्या टोकाला बसवा, मागच्या टोकाला नको, कारण तिकडं शाफ्ट स्प्रिंगच्या पाट्यांबरोबर वरखाली होतो आणि गॅप बदलत राहतो. दोन चुंबकं असतील तर बरोबर समोरासमोर बसवा, नाहीतर शाफ्टचा तोल जाऊन गाडी थरथरते. शाफ्ट ब्रश मारून साफ करा, चुंबक होज क्लिपनं आवळा आणि वरनं एपॉक्सी लावा.

आता मॉड्यूलला सांगावं लागतं की एका अंतरात किती पल्स येणार, त्यासाठी बारीक बारीक डिप स्विच असतात. गणित घाबरण्यासारखं नाही. माझं सांगतो. टायर २१५/७५ आर १५, कागदावर घेर २.२१ मीटर येतो. पण भरलेल्या गाडीचं टायर दबतं, म्हणून टायरला खडूची खूण करून गाडी सपाटीवर एक फेरा ढकलली आणि टेपनं मोजलं तर २.१५ मीटर भरलं. म्हणजे किलोमीटरला ४६५ फेरे. नंतर क्राउनचा रेशो, म्हणजे चाकांच्या एका फेऱ्याला शाफ्टचे किती फेरे होतात ते. गाडी न्यूट्रल, पुढच्या चाकांना दोन्हीकडनं लाकडी ठोकळे, मागचं एकच चाक उचलून स्टँडवर, दुसरं जमिनीवर. उचललेलं चाक बरोबर दोन फेरे फिरवायचं (दुसरं चाक जागेवर असतं म्हणून दोन) आणि शाफ्ट किती फेरे फिरला ते मोजायचं, तोच रेशो. माझा सव्वाचार आला. ४६५ गुणिले ४.२५ म्हणजे किलोमीटरला साधारण १९७५ शाफ्टचे फेरे, दोन चुंबकं म्हणून दुप्पट, ३९५०.

आणि इथं सापळा आहे. परदेशातनं मागवलेल्या किटचा तक्ता बऱ्याचदा मैलाचा असतो! ३९५० ला १.६०९ नं गुणा, मैलाला सुमारे ६३५० पल्स येतात, तक्त्यात त्याच्या जवळचं सेटिंग धरा. मी पहिल्यांदा किलोमीटरचाच आकडा ठेवला होता आणि वेग धरायच्या ऐवजी क्रूझ वरखाली डुलत होतं.

८. चाचणी

पहिली तपासणी जागेवर. किटमध्ये बहुतेक वेळा एलईडीचा तपासणी मोड असतो, त्यात ब्रेक, क्लच, प्रत्येक बटण, सगळं एकेक दाबून बघा. नंतर ब्रेक लाइटचा फ्यूज मुद्दाम काढा आणि ब्रेक दाबून बघा, दुसऱ्या प्लंजर स्विचनं आतल्या क्लचचा करंट तुटतोय का ते मल्टिमीटरवर दिसलं पाहिजे. हे झाल्याशिवाय रस्त्यावर जायचं नाही. चाकं हवेत उचलून, गिअर टाकून, घरात क्रूझ पळवून बघायचा नाद अजिबात करू नका.

रस्त्यावर मी पहाटे साडेपाचला गेलो, कागल ओलांडून कोगनोळीच्या बाजूला. शेजारी मिस्त्री. त्यांना मी आधीच सांगितलेलं, मी हो म्हटलं की मेन स्विच बंद करायचा. चौथा गिअर, साठचा वेग, सेट दाबलं आणि पाय उचलून हळूच पेडलच्या वर धरला. अर्धा सेकंद गाडी थोडी पडली आणि मग पायाखालचं पेडल आपसूक खाली गेलं, कुणीतरी अदृश्य पाय ठेवल्यासारखं, आणि काटा साठवर थांबला. मिस्त्री म्हणाले, "आता ब्रेक." ब्रेकला नुसता बूट टेकवला आणि रेस गेली. परत सेट, मग क्लच. परत सेट, मग मेन स्विच. तिन्ही प्रकारे पाच-पाच वेळा सोडवून बघितलं, मगच आम्ही चहाला थांबलो.

वेग डुलत असेल तर सेन्सिटिव्हिटीचं सेटिंग एक घर कमी करा. चढाला फार पडत असेल तर साखळीतली झोळ बघा, मग सेटिंग.

९. कुठं वापरायचं आणि कुठं नाही

मेकॅनिकल गाडीतलं हे क्रूझ फक्त रेस देतं, ब्रेक मारत नाही. तवंदी घाट उतरताना क्रूझ लावून बसलात तर गाडी उतारानं पळणारच, तिथं बंद करून खालचा गिअर. खंबाटकीतही तेच. पावसात ओल्या रस्त्यावर वापरू नका, पाण्यावर चाक घसरलं तरी ते क्रूझला कळत नाही आणि आपण सोडवेपर्यंत ते चालूच राहतं. डायव्हर्जन आणि गर्दीच्या पट्ट्यात तर प्रश्नच नाही.

आणि आपल्या भागाची खास गोष्ट, ऊस. हंगाम सुरू झाला की दिवस मावळल्यावर दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर मागं दिवा नसताना हायवेवरनं जात असतात, ऊस बाहेर लोंबतोय, ट्रॉली दिसते तोपर्यंत आपण जवळ पोचलेलो असतो. क्रूझ लावलं की पाय पेडलवरनं लांब जातो आणि डोळे पण सैल पडतात. साखर कारखाने चालू असतील त्या महिन्यांत मी अंधार पडला की कोल्हापूर-सांगली-बेळगाव पट्ट्यात क्रूझ लावतच नाही, तुम्ही पण लावू नका. धारवाडच्या पुढं दिवसाउजेडी, मोकळा रस्ता, तिथं लावा, पाय ब्रेकच्या जवळ जमिनीवर ठेवा. सीटखाली दुमडून बसू नका.

१०. देखभाल

दर लांबच्या प्रवासाआधी बोनेट उघडून साखळी बघायची. मणी झिजलाय का, दुवा उघडलाय का, लिव्हर टक्कन मागं येतोय का. चुंबकाच्या क्लिप गाडीखाली वाकून हातानं हलवून बघा. दोन्ही प्लंजर स्विचना चिखल लागतो, बुटाच्या मातीनं, ते कोरड्या फडक्यानं पुसा, तेल मारू नका. माझी साखळी दीड वर्षात एकदा बदलावी लागली, दोन मण्यांमधली तार पातळ झालेली नखाला जाणवली. तेव्हापासनं डॅशबोर्डाच्या खणात एक जादा साखळी आणि दोन रिले असतात, आईच्या गोळ्यांच्या डबीशेजारी.